वर्गातला डेटाबेस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्राथमिक शिक्षकांना डेटाबेस नवा नाही. 2015 साली महाराष्ट्रात ‘सरल’ प्रणाली आली. ‘यू-डायस’ त्याआधीपासून होतीच. पटावरच्या प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरण्यात शिक्षकांचे कितीतरी तास जातात. त्यातून सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की हे काम जमणाऱ्या शिक्षकाला डेटाबेस येतोच. वस्तुतः तिथे माहिती फक्त वर जाते. रकाने शिक्षक ठरवत नाही आणि त्या माहितीला प्रश्नही विचारत नाही. वर्गात मात्र प्रश्न मुलांचा असतो, रकाने त्यांनी ठरवायचे आणि उत्तरही त्यांनीच शोधायचे. शिक्षकांच्या डेटाबेस प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

भोर तालुक्यात वरंधा घाटाच्या वाटेवर, नीरा देवघर धरणाच्या खोऱ्यातल्या हिर्डोशीसारख्या गावात विषय शोधत बसावे लागत नाही. हिरडा, जांभूळ, ऐन, करवंद अशा झाडाझुडपांचा तक्ता चौथीची मुले सहज करतील. एका ओळीत एक वनस्पती. रकाने नाव, फळाचा महिना, उपयोग आणि ठिकाण यांचे. मग ‘उन्हाळी सुट्टीत कोणती फळे पिकतात?’ असा प्रश्न आला, की महिन्याच्या रकान्यावर गाळणी (फिल्टर) लावायची. एकाने ‘करवंद’, दुसऱ्याने ‘करवंदी’, तिसऱ्याने ‘करवंदाची जाळी’ लिहिले असेल, तर संगणक तिन्ही वेगळी मोजतो. हा संगणकाचा दोष नव्हे. एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव हवे, हे मुलांना इथे खरे उमगते.

संगणकातून आलेले उत्तर बरोबरच असते, हा समजही शिक्षकांनी स्वतः तपासून पाहावा. समजा, मुलांनी ठेवलेल्या पावसाच्या नोंदीत तीन दिवसांचे आकडे 60, 80 आणि 100 मिलिमीटर आहेत. चौथ्या दिवशी, रविवारी, कोणी मोजलेच नाही. ती चौकट रिकामी ठेवली, तर सरासरी 80 येते. तिथे 0 लिहिले, तर 60. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यांतला फरक शिक्षकाला स्पष्ट नसेल तर मुलांना तो कळणार नाही.

असे तक्ते करण्यासाठी संगणक कक्ष, इंटरनेट किंवा प्रोग्रॅमिंग लागते असे नाही. आधी माहिती कागदी पत्त्यांवर लिहून ते लावून पाहावेत, मग एका लॅपटॉपवर लिब्रे ऑफिससारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. तक्त्यांच्या फाइलला काटेकोर अर्थाने डेटाबेस म्हणत नाहीत, पण क्रम लावणे आणि गाळणे यांसाठी प्राथमिक वर्गात ती पुरेशी आहे. केलेला तक्ता पुढेही वाचता यायला हवा. ब्रिटनमध्ये 1986 च्या बीबीसी डोम्सडे प्रकल्पासाठी हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची माहिती गोळा केली होती. ती ज्या डिस्कवर साठवली, त्या वाचणारी यंत्रेच पुढे दुर्मीळ झाली. म्हणून तक्त्याची साध्या स्वरूपातली एक प्रत आणि एक छापील प्रत शाळेत ठेवावी.

सरावासाठी मुलांचीच माहिती सोयीची वाटते. पण जात, उत्पन्न, आधार क्रमांक, गुण यांना वर्गाच्या तक्त्यात जागा नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, म्हणजे वर्गातले प्रत्येक मूल त्यात येते. झाडे, पाऊस, पक्षी, बाजारभाव असे विषय हाताशी असताना ही जोखीम घेण्याचे कारणही नाही.

एका दिवसाच्या कार्यशाळेत हे सारे उरकते, हा गैरसमज प्रशिक्षण आखणाऱ्यांचा. बटणे एका दिवसात कळतात. चांगला प्रश्न आणि योग्य रकाने ठरवणे सरावाने येते. शिक्षकाने आपल्या गावाचा तक्ता करावा, तो वर्गात वापरावा आणि जिथे बिघडला तिथल्या नोंदींसह आपल्या केंद्रातल्या शाळांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत आणावा. तिथे इतर शिक्षकांबरोबर तो दुरुस्त करणे हाच प्रशिक्षणाचा मुख्य भाग असावा.