बायकोला सूट, आईला नाही

रात्री दारात बंदुका घेतलेली माणसं येतात आणि जेवायला मागतात. नाही म्हणायची सोय नसते. दोन-चार दिवसांनी पोलीस येतात आणि विचारतात, कोणाला वाढलंस? गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नक्षल चळवळ आली १९८०च्या सुमारास, आणि तेव्हापासून तिथल्या बाईची अडचण ही अशी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या घाटंजीहून ते जंगल लांब, वर्धा नदी आणि अख्खा चंद्रपूर जिल्हा ओलांडून. इकडे तसलं काही नाही. पण कायदा दोन्हीकडे एकच, आणि आपल्या कोलाम पोडावरच्या म्हातारीला तो जितका कळतो तितकाच तिकडच्या गोंड म्हातारीला. म्हणून तो जरा उलगडून बघू.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, त्याचं कलम १९. दहशतवादी आहे हे माहीत असून कोणी त्याला स्वतःहून थारा दिला, तर किमान तीन वर्षं आणि कमाल जन्मठेप. याच कलमाला एक शेपूट आहे: थारा देणारी व्यक्ती नवरा किंवा बायको असेल तर हे कलम लागू नाही. म्हणजे बायकोने लपवलं तर सूट. आईने लेकाला वाढलं, बहिणीने भावाला अंथरूण दिलं, तर नाही. हे लिहिणाऱ्यांना आई आठवली नसेल असं मला वाटत नाही. पण ती वगळली गेली, हे खरं. ‘स्वतःहून’ या शब्दात तिची सुटका दडलेली आहे, कारण धाकाने वाढलेलं ताट स्वतःहून वाढलेलं नसतं. मात्र हे शाबीत व्हायचं खटल्यात, आणि खटला उभा राहीपर्यंत ती आत.

आत जाण्याची रीत अशी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. झडती बाईनेच घ्यायची. चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करायचं. इथवर साध्या चोरीच्या गुन्ह्यासारखंच. फरक पुढे पडतो. एरवी साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो; यूएपीएत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. शिवाय आरोप वरकरणी खरा वाटला तर कोर्टाने जामीन द्यायचाच नाही, असं कलम ४३-ड सांगतं. नागपूर विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुख असलेल्या शोमा सेन याच कायद्याखाली जून २०१८ मध्ये आत गेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर बाहेर आल्या. प्राध्यापक बाईची, वकिलांची फौज असताना, ही गत.

तुरुंगात पोर सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. आर. डी. उपाध्याय खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे निर्देश दिले. सहा पूर्ण झाली की नातलगाकडे, नाहीतर संस्थेत.

सरकार नक्षल्यांशी चाललेल्या या संघर्षाला युद्ध म्हणत नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणतं. म्हणून ही बाई युद्धकैदी नव्हे, साधी कच्ची कैदी. जीनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ देशांतर्गत संघर्षासाठीच आहे: न लढणाऱ्याला माणुसकीने वागवा, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नका. हे करार भारताला मान्य आहेत. १९७७चा दुसरा जादा करार बायकांना वेगळं ठेवा म्हणतो, त्यात भारत नाही. पण गंमत अशी की इंग्रजांच्या १८९४च्या तुरुंग कायद्यातही बायकांना पुरुषांपासून वेगळं ठेवायला सांगितलेलंच होतं. मुळात कायद्याचा धाकच उरला नाही तर काय होतं, ते स्पेनच्या यादवी युद्धानंतर माद्रिदच्या बेंतास तुरुंगात दिसलं. सुमारे पाचशे बायकांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत हजारो कोंबल्या होत्या, कित्येक तर कुणाची बायको, कुणाची आई एवढ्यावर. ५ ऑगस्ट १९३९ला त्यांतल्या तेरा तरुणींना गोळ्या घातल्या.

आपल्याकडे अडतं ते कागदावर. जामीन मंजूर झाला, आता जामीनदार आणा. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, म्हणजे तलाठ्याकडे आणि तहसीलला खेटे. वनहक्काच्या पट्ट्याची जमीन वारसाला मिळते, पण विकता येत नाही. मग तिची ऐपत कशी धरायची? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं आहे की जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्यात हमीपत्र भरलं गेलं नाही, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं. हे नातेवाइकांना माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

आणि वकील? १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हा प्रश्नच नाही. घाटंजीच्या तालुका समितीकडे किंवा यवतमाळला अर्ज करताना कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर बाईच्या नावाचा अर्ज आहे, दाखला लागत नाही, एवढं सांगायचं.