पहिली पाळी आणि बेस गिटार

पहाटे 5:45. कंपनीची बस चौकात येते. बसमध्ये बाकीचे डोळे मिटतात, मी हेडफोन लावतो. आमच्या बँडचा एक नियम आहे. चौघांपैकी प्रत्येकानं आठवड्याला एक गाणं ग्रुपवर टाकायचं आणि इतरांनी ते आवडो न आवडो, शेवटपर्यंत ऐकायचं. या आठवड्यात गायिकेनं किशोरी आमोणकरांचा भूप टाकलाय. गिटारवाल्यानं टाकलंय ते जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन केलेलं रेकॉर्डिंग, जे अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. ड्रमरचं मॅस्टोडॉन. भोसरी येईपर्यंत भूपच ऐकतो. भूपाचे पाच स्वर म्हणजे गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात ती मेजर पेंटॅटॉनिक. स्वर तेच, पण किशोरीताई एका गंधारावर किती वेळ थांबतात! बेस वाजवणाऱ्यानं हे थांबणं शिकायलाच हवं.

7 वाजता पाळी सुरू. मी प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. ब्रॅकेटची बर बघायची, भोकांना गेज लावायचा, रजिस्टर भरायचं. कानात इअर प्लग असले तरी पॉवर प्रेसचा ठोका पायांतून वर येतो. शेजारशेजारच्या दोन प्रेस वेगळ्या गतीनं चालतात. त्यांचे ठोके हळूहळू जवळ येतात, एकदा नेमके एकत्र पडतात आणि पुन्हा सुटतात. आमच्या नव्या गाण्याचा रिफ मला इथंच सापडला.

ब्लॅक सॅबथ मला इतका जवळचा वाटतो, तोही याच कामामुळे. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हाताची दोन बोटं जळून निकामी झाल्यावरही जँगो गिटार वाजवत होता. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे 1971 च्या अल्बममध्ये गिटार दीड सूर खाली उतरवली. हेवी मेटलच्या त्या जड आवाजात कारखान्यातल्या एका अपघाताचा मोठा वाटा आहे. प्रेसजवळ उभं राहून ही गोष्ट आठवली की हात आपोआप जपून पडतो.

3:30 ला पाळी सुटते. घरी पोचल्यावर आधी तारा. बेसच्या तारांचा नवा संच दोन हजारांच्या पुढे, म्हणून जुन्याच उकळून घेतो. रात्री काढून ठेवलेल्या चारही तारा पातेल्यात दहा मिनिटं. वेटोळ्यांमध्ये साचलेला घाम आणि मळ सुटतो, पाणी राखाडी होतं. "ते पातेलं वेगळं ठेव रे, दुधाला घेऊ नकोस," आई दर वेळी सांगते. मग एकेक तार कोरडी पुसायची, ओल राहिली तर गंज धरते. असा खणखणीतपणा चार-सहा दिवस टिकतो, आजच्या कार्यक्रमाला पुरे. आम्ही सगळ्या तारा एक सूर खाली लावतो. गायिकेचा आवाज त्या पट्टीत मोकळा सुटतो. तार मात्र सैल पडून फ्रेटवर खरखरते, म्हणून जाड तारा घ्याव्या लागतात.

6 वाजता कार्यक्रमाच्या जागी साउंडचेक. ड्रमसेट तिथलाच, पण स्नेअर, झांजा आणि पेडल ड्रमर स्वतःचे आणतो. आधी किक, मग स्नेअर, मग माझा बेस. माझी तार आणि त्याची किक एकाच क्षणी पडली, तर खोली हलते. जरा मागेपुढे झालं की दोन्ही आवाज पातळ. ड्रमर गणपतीत ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. नव्या गाण्यात त्यानं ताशाची तर्री स्नेअरवर घेतली तेव्हा गिटारवाल्याला ती पटली नव्हती. आज मोठ्या स्पीकरवर ऐकली आणि तो म्हणाला, "ठेव. माझा सोलो चार मात्रा उशिरा सुरू करतो."

8:15 ते 9:45 आमचा वेळ. जागेच्या मॅनेजरनं लोकांच्या ओळखीची गाणी मागितली होती. आम्ही एकाला हो म्हटलं, बाकीची सगळी आमची, मराठीतली. याबाबतीत मी ठाम आहे. गावातल्या बँडनं गावातलं गाणं केलं नाही, तर ते दुसरं कोण करणार? तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या मुली दुसऱ्या फेरीपासून ध्रुवपद म्हणू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या ते.

10 नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम. तो योग्यच आहे, पण मोकळ्यावर वाजवणाऱ्या बँडची संध्याकाळ त्यानं आखडती होते. मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक ज्या रंगभवनात गाजला, तिथले कार्यक्रमही शांतता क्षेत्रामुळेच बंद पडले. पुण्यात तरी मध्यम आकाराची, बंदिस्त, परवडणारी जागा हवी. ही मागणी महापालिकेकडे आम्ही वादकांनीच लावून धरायला हवी.

11 वाजता भुर्जी-पावच्या गाडीवर हिशेब. मानधनातून जॅम रूमचं भाडं आणि टेम्पो वजा केला, उरलेलं रेकॉर्डिंगच्या खात्यात. नव्या गाण्याचं एक कडवं कापायचं ठरलं. गायिकेला ते राहायला हवंय, तेव्हा गुरुवारी दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघू. मला उद्या पुन्हा पहिली पाळी आहे.