दुष्काळ, पूर आणि राज्याचा पुढाकार

आमचे सणसर हे इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्यावर जगणारे गाव. आवर्तन वेळेवर आले की ऊस तरारतो. लांबले की घराघरातली बोलणी बदलतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. पुढे दोन वर्षेही झाली नाहीत तोच, मे २०२५ च्या अखेरीस असा पाऊस कोसळला की बारामतीजवळ पिंपळीला हाच कालवा फुटला. ज्या पाण्यासाठी आम्ही ईदगाहवर हात पसरले होते, तेच लोकांच्या घरांत शिरले.

असे का होते? हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस रुसला की जमीन लवकर सुकते, आणि आला की एकदम कोसळतो. एखाद्या पावसाचा दोष थेट हवामानबदलावर टाकता येत नाही; पण एकूण कल हाच आहे.

कुणी म्हणेल, हा तर साऱ्या जगाचा प्रश्न! धूर कमी करण्याचे करार जगाने करावेत, हे खरेच. पण शेती, जमीन आणि सिंचन हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत. आवर्तन कधी सोडायचे, उसाला ठिबक कसे पोहोचवायचे, बुजलेले ओढे कुणी मोकळे करायचे, हे पॅरिसला ठरत नाही. एकट्या ग्रामपंचायतीलाही ते झेपत नाही. एका गावाने ओढा रुंद केला आणि खालच्या गावाने बुजवला, तर पाणी कुठे जाणार?

महाराष्ट्राने पूर्वी पुढाकार घेतलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात माझे अब्बा खडी फोडायला जात. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. संसदेने तसा कायदा करायला २००५ साल उजाडले. राज्य पुढे चालले, देश मागून आला.

आजही कागद कमी नाहीत. २०१७ मध्ये हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा राज्याचा आराखडा मंजूर झाला. २०२० मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. परंतु कालवा जलसंपदा खात्याचा, पीक कृषी खात्याचे, पंचनामा महसूल खात्याचा. या सर्वांना एका आराखड्याने बांधून घेणे आणि दरवर्षी त्याचा हिशेब विधिमंडळात मांडणे, हेच खरे नेतृत्व.

अब्बांच्या हाताला काम मिळाले, ते दुष्काळ पडल्यावर. आता काम आधी काढायचे आहे.