‘निरुपयोगी’ शेऱ्याचा टीव्ही

गेल्या महिन्यात पौडजवळच्या माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. व्हरांड्यात निर्लेखनाचं सामान काढून ठेवलं होतं. मोडके बाक, गंजलेलं कपाट, ऑफिसातला रेडिओ आणि आमचा एकवीस इंची टीव्ही. डेड स्टॉक रजिस्टरात रेडिओ आणि टीव्ही दोघांपुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा. तो शब्द मला फार लागला. ज्या बाईंना मी कधी भेटलो नाही, त्या माझ्या वर्गात याच टीव्हीतून आल्या होत्या.

सुमित्रा भावे. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या, तेव्हा सगळ्यांनी दिग्दर्शिकेला श्रद्धांजली वाहिली. मला मात्र त्या आधी शिक्षिका वाटत आल्या. पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. दिल्ली आकाशवाणीवरून मराठी बातम्याही वाचल्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं, की जिच्यावर अहवाल लिहायचा, तिलाच तो वाचता येणार नाही. म्हणून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. सिनेमाचं रीतसर शिक्षण नसताना त्यांनी तो केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांच्या साथीने त्यांनी सिनेमेच केले.

मास्तरांच्या या दुसऱ्या कामाकडे आपण छंद म्हणून बघतो, ते चूक आहे. पुण्याच्या कॅम्पात हेडमास्तर राहिलेल्या आचार्य अत्र्यांनी साने गुरुजी या दुसऱ्या शिक्षकाच्या पुस्तकावर ‘श्यामची आई’ काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. २०१७ साली बाईंच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हा तो मान पुन्हा शिकवणाऱ्या घरी आला. मला वाटतं, न दिसणाऱ्या माणसाशी बोलायला रेडिओ शिकवतो आणि समोरचा चेहरा वाचायला वर्ग. बाईंच्या सिनेमात हे दोन्ही आहे.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं बदल्या आणि जनगणना यांत गेली. मनात राहिलं ते १९९५ ते २००४ हे दशक. वर्तमानपत्र एसटीने दुपारी यायचं, म्हणून सकाळी पुणे आकाशवाणीवर ऐकलेल्या बातम्या मी फळ्यावर लिहायचो. मधल्या सुट्टीत गाणी लागली की डबे खाणारी पोरं गप्प होत. त्याच काळात बाईंचा ‘दोघी’ आला. नवरदेव अपघातात जातो आणि गौरीच्या कपाळी अपशकुनाचा शिक्का बसतो. तो पाहून आलो आणि वर्गातल्या मुली मला वेगळ्या दिसू लागल्या. लग्न ठरलं म्हणून नववीतून काढलेल्या मुलीच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्यानंतर.

‘देवराई’ आला २००४ मध्ये. ताम्हिणीकडच्या देवरायांत वाळकी काटकी न उचलणाऱ्या पोरांना देवराई समजावून सांगावी लागत नव्हती. समजून घ्यायचा होता तो मनाने आजारी असलेला माणूस. या सिनेमांना तेव्हा ‘प्रचारकी’ म्हणणारे बरेच होते. वर्गात पंचेचाळीस चेहऱ्यांसमोर उभं राहिलेल्या माणसाने असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि ‘दहावी फ’. प्रयोगशाळेची मोडतोड केलेली पोरं स्वतः कमावून भरपाई करतात, ती २००२ची गोष्ट. आमच्या शाळेत दहावीची एकच तुकडी होती, पण मागचे तीन बाक ‘फ’च होते. पुण्याहून व्हीसीडी आणली. दोनदा वीज गेली. ज्या तालुक्याचं पाणी अडवून मुंबईला वीज नेली, ज्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या मुळशीतली पोरं भारनियमनात सिनेमा पुरा होण्याची वाट बघत बसली. एकही उठलं नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला: सिनेमा कोणत्या घटकाखाली दाखवला? मी घाबरून ‘मूल्यशिक्षण’ असं लिहिलं. त्या उत्तराची मला आजही खंत वाटते. मी शिकवत होतो, एवढंच लिहायला हवं होतं.

पुढची वर्षं माहिती भरण्यात गेली. आज त्याच वर्गात मोठा स्मार्ट टीव्ही आहे. त्यावर परीक्षेचे व्हिडिओ लागतात आणि ते लागल्याचा फोटो अपलोड करायला मास्तर वर्गाकडे पाठ करून उभे राहतात. दोष त्यांचा नाही. पण पाठ वर्गाकडेच आहे.

‘दहावी फ’नंतरच्या आषाढात मागच्या बाकावरचे तिघे ऑफिसात आले होते. पाय चिखलाने भरलेले. दोन महिन्यांपूर्वी वर्गाची काच फुटली होती, कबूल कोणी झालं नव्हतं. त्यांनी भातलावणीच्या मजुरीचे पैसे टेबलावर ठेवले. मी रीतसर पावती फाडली.

गेल्या महिन्यात शाळेतून निघताना वर्गात डोकावलो. ती काच अजून जागेवर आहे.