'एकाश्म' या विशेषणाचा अर्थ व उपयोजन : वऱ्हाडच्या संदर्भात

प्रस्तावना

समाजशास्त्र, भाषाशास्त्र, स्थापत्य व संगणकशास्त्र अशा भिन्न विद्याशाखांच्या लेखनात 'मोनोलिथिक' हे इंग्रजी विशेषण वारंवार आढळते. मराठीत त्यासाठी 'एकाश्म', 'अखंड', 'एकसंध' व 'एकजिनसी' हे शब्द सरसकट एकमेकांऐवजी योजले जातात. वस्तुतः त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. त्या स्पष्ट करणे व वऱ्हाडविषयक लेखनात या विशेषणाचे उपयोजन कितपत योग्य ठरते हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अर्थ व व्युत्पत्ती

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'मोनोस' म्हणजे एक व 'लिथोस' म्हणजे दगड हे दोन ग्रीक शब्द आहेत. 'एक' व 'अश्म' यांच्या संधीने बनलेला 'एकाश्म' हा त्याचा नेमका प्रतिशब्द होय. 'अखंड' या शब्दात खंड न पडणे अभिप्रेत असते. म्हणूनच तो काळालाही लागू पडतो, उदा. अखंड नामसप्ताह. 'एकसंध' वस्तूला घटक असू शकतात, मात्र त्यांची जुळणी घट्ट असते. 'एकजिनसी' म्हणजे आतून बाहेरून एकाच प्रकारची. म्हणजेच पहिला शब्द उत्पत्ती सांगतो, दुसरा सातत्य, तिसरा जुळणी आणि चौथा गुणधर्म.

स्थापत्यातील दोन उदाहरणे

वेरूळचे कैलास लेणे (लेणे क्र. 16) हे एकाश्म रचनेचे सर्वपरिचित उदाहरण होय. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याशी त्याची निर्मिती जोडली जाते. येथे दगडावर दगड रचलेला नाही. डोंगर वरून खाली कोरत नेऊन मंदिर मोकळे केले आहे. तथापि ज्या बेसाल्टात ही लेणी आहेत तो दख्खनचा खडक लाव्हाच्या एकामागून एक आलेल्या थरांचा बनलेला आहे. म्हणजे एकाश्म वस्तूदेखील एकजिनसी असतेच असे नाही.

याउलट अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील हेमाडपंती मंदिर पाहावे. या शैलीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. अशी वास्तू एकसंध असते, परंतु एकाश्म नसते. तिच्यातील प्रत्येक दगड वेगळा ओळखता येतो.

लाक्षणिक उपयोजन व वऱ्हाड

समाज, पक्ष, धर्म वा प्रदेश यांना हे विशेषण लावले जाते तेव्हा त्यात बहुधा टीकेचा सूर असतो : प्रचंड, एकसारखे व बदलास न जुमानणारे. 'अमुक समाज एकाश्म नाही' असे नकारार्थी वाक्यच विद्वत्तापूर्ण लेखनात अधिक आढळते, ते याच कारणाने.

वऱ्हाडविषयी मात्र 'काळी जमीन, कापूस व वऱ्हाडी बोली' असे एकाश्म चित्र सहज रेखाटले जाते. प्रत्यक्षात अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा जातो. तेथील भूजल खारे असल्याने विहिरीच्या सिंचनावर विसंबता येत नाही. त्याच अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा विहिरी व विंधनविहिरींवर उभा आहे. दोन्हीकडे एकच सिंचन योजना राबविल्यास खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याच्या हाती खारे पाणी तेवढे येईल. त्याला पावसाचे पाणी साठविणारे शेततळे अधिक उपयोगी. येथे विशेषणाची चूक केवळ भाषिक राहत नाही, ती नियोजनाची चूक ठरते.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसते. 'मले', 'तुले' ही रूपे व 'डोळा'ऐवजी 'डोया' हा उच्चार ही वऱ्हाडीची परिचित लक्षणे होत. परंतु मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मराठीप्रमाणे आर्य भाषाकुलातील नसून मुंडा गटातील आहे. घरी कोरकू बोलणाऱ्या विद्यार्थ्याची बोली वऱ्हाडी गृहीत धरल्यास त्याची अडचण शिक्षकाच्या लक्षातच येत नाही.

निष्कर्ष

'एकाश्म' हे विशेषण एकाच पाषाणातून घडलेल्या वस्तूसाठी राखून ठेवावे. लाक्षणिक अर्थाने योजताना एकत्व उत्पत्तीचे, जुळणीचे की गुणधर्माचे, हे आधी निश्चित करावे. वऱ्हाडपुरते बोलायचे तर त्यास कैलास लेण्याची नव्हे, बार्शीटाकळीच्या मंदिराची उपमा शोभते. तो एकसंध आहे, एकाश्म नाही. संशोधन व अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांनी हा भेद पाळल्यास विवेचन अचूक होईल, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांच्यावर अन्यायही होणार नाही.