चार बाइटांची जागा

पुंडलिकनगरात खोल्या करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. गारखेडा परिसरातल्या या दाट वस्तीत कारखान्यात जाणारे कामगार, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेली मुलं, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असे सगळे शेजारी-शेजारी राहतात. तिथल्या एका खोलीत शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉपवर क्यूएमू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक चालवत होता. त्यात लिनक्स सुरू करून ते पहिल्याच काही सूचनांवर त्याने थांबवून ठेवलं होतं. "काका, या ओळीपर्यंत कर्नलला स्वतःचा पत्ताच माहीत नसतो," तो म्हणाला. खोल्या, मेस, भाडं हे सगळं वहीत तसंच राहिलं. हा लेख त्या ओळीचा आहे.

पत्ता म्हणजे मेमरीतला. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो आणि प्रोग्रॅममधल्या असंख्य सूचना त्या क्रमांकांनीच बोलतात: अमुक क्रमांकावरची संख्या उचल, तमुक क्रमांकावर उडी मार. आपण वापरतो ते प्रोग्रॅम मेमरीत कुठे बसतील हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो. खुद्द कर्नलला मात्र जागा नेमून देणारं वर कोणी नसतं. बूटलोडर त्याला डिस्कवरून उचलतो, मेमरीत एका ठिकाणी ठेवतो आणि बाजूला होतो. पुढची सगळी व्यवस्था कर्नलने आपली आपण लावायची असते.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा बायोस, म्हणजे यंत्र चालू होताच धावणारा चिपमधला प्रोग्रॅम, डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा ३१,७४४ या क्रमांकावर आणून ठेवायचा, म्हणजे ३२ किलोबाइटांच्या सीमेच्या बरोबर एक किलोबाइट अलीकडे. जुन्या पद्धतीने बूट होणारे संगणक आजही तोच क्रमांक पाळतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली, तेव्हा त्यांचा तो ५१२ बाइटांचा तुकडा सुरू होताच स्वतःला तिथून उचलून ५७६ किलोबाइटांच्या खुणेवर नेऊन ठेवी. मग तो कर्नलला ६४ किलोबाइटांच्या खुणेपासून पुढे वाचून घेई आणि शेवटी अख्ख्या कर्नलला सरकवत शून्य क्रमांकावर आणी. सरळ शून्यावरच का नाही वाचलं? कारण मेमरीतले पहिले १,०२४ बाइट बायोसच्या तक्त्याने व्यापलेले होते आणि डिस्क वाचायला तर बायोसच लागत होता. वाचन पुरं झालं, बायोसची गरज संपली, की मगच त्याची जागा घेता येई. गरज संपेपर्यंत दुसऱ्याच्या जागेला हात न लावण्याची ही शिस्त मला फार आवडली.

६४ ते ५७६ या खुणांमध्ये कर्नलला ५१२ किलोबाइट मिळत. पुढेही तेवढे पुरतील असं टोरवाल्ड्स यांना वाटलं होतं. ते पुरले नाहीत, आणि कर्नल एक मेगाबाइटच्या वर ठेवायची सोय करावी लागली. तिथे वेगळीच अडचण होती. जुन्या ८०८६ प्रोसेसरला पत्त्यासाठी वीसच तारा होत्या, त्यामुळे एक मेगाबाइटच्या पुढचा पत्ता फिरून पुन्हा शून्यावर येई. काही प्रोग्रॅम या फेऱ्यावरच विसंबून होते. म्हणून जास्त तारांचा प्रोसेसर असलेल्या १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आयबीएमने एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं आणि त्याचं नियंत्रण कीबोर्डच्या चिपकडे दिलं. लिनक्सच्या सुरुवातीच्या कोडमध्ये ते फाटक उघडणारा भाग अजून आहे.

आता मूळ ओळीकडे येतो. आमच्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून डी. एम. ढमढेरे हे नाव पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या या प्राध्यापकांचं 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे पुस्तक अनेकांनी परीक्षेसाठी वाचलं आहे. त्यातल्या लिंकरवरच्या प्रकरणात प्रोग्रॅमचे तीन प्रकार येतात. काही प्रोग्रॅम ठरलेल्या जागीच चालतात. काहींना बाहेरून कोणी दुरुस्त करून दिलं तर ते दुसरीकडे चालतात. तिसरा प्रकार स्वतःच स्वतःचे पत्ते दुरुस्त करून घेणाऱ्यांचा: त्यांच्याजवळ कोणकोणत्या सूचना बदलायच्या याचा तक्ता असतो आणि तो तक्ता वापरणारा कोडही असतो. चार-पाच गुणांसाठी पाठ केली जाणारी ही व्याख्या पडद्यावर जिवंत समोर होती.

पुंडलिकनगरात कोणाला पत्ता विचारला, तर घर क्रमांकापेक्षा "जलकुंभापासून पुढे दुसरी गल्ली" असं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. असं सांगणं जलकुंभाजवळ उभ्या असलेल्या माणसाला पुरतं. पण ज्याला आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नाही, त्याला ते निरुपयोगी आहे. कर्नलची सुरुवात नेमकी अशी होते. त्यातले पत्ते एका जागेसाठी लिहिलेले असतात आणि बूटलोडरने त्याला ठेवलेलं असतं दुसऱ्याच जागी. या दोन जागांमधला फरक कळल्याशिवाय एकही नेमका पत्ता वापरता येत नाही.

बत्तीस बिटांच्या अवस्थेत एक्स८६ प्रोसेसरला "मी आत्ता कोणत्या क्रमांकावर चालतो आहे?" हे थेट विचारता येत नाही. म्हणून कर्नल युक्ती करतो. तो लगेच पुढच्याच ओळीवर 'कॉल' करतो. कॉल म्हटला की प्रोसेसर परत कुठे यायचं तो पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर, लिहून ठेवतो. कर्नलला परत यायचंच नसतं. तो तो पत्ता स्टॅकवरून 'पॉप' करून घेतो, त्यातून ती ओळ मुळात जिथे असायला हवी होती तो आकडा वजा करतो, आणि फरक हाती येतो.

पण स्टॅक आणायचा कुठून? अजून काहीच मांडलेलं नाही, कोणती मेमरी रिकामी आहे हेही ठाऊक नाही. हातात एकच भरवशाची वस्तू असते: बूटलोडरने दिलेलं ४,०९६ बाइटांचं माहितीचं पान, ज्याचा पत्ता एका रजिस्टरमध्ये असतो. त्या पानावर कच्च्या कामासाठी राखलेले चार बाइट आहेत. त्या चार बाइटांचाच स्टॅक करायचा, एक कॉल, एक पॉप, काम संपलं. जगभरच्या सर्व्हरांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस बिटांच्या अवस्थेत सुरू झाली की आपली जागा या चार बाइटांच्या आधाराने शोधते. मुलाने ती ओळ मला पुन्हा पुन्हा चालवून दाखवली आणि मीही पुन्हा पुन्हा पाहिली. चौसष्ट बिटांच्या अवस्थेत स्वतःपासूनचं अंतर धरून पत्ता काढण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे. तिथे ही कसरत लागत नाही.

यानंतर उलगडण्याचं काम. डिस्कवरचा कर्नल दाबून लहान केलेला असतो आणि उलगडल्यावर कैक पटींनी मोठा होतो. तो उलगडताना नवा मजकूर अजून न वाचलेल्या जुन्या मजकुरावर चढला तर सगळं संपलं. म्हणून उलगडणारा कोड आधी स्वतःला आणि दाबलेल्या मजकुराला राखीव जागेच्या पार टोकाला नेतो. हे नेणंही शेवटाकडून सुरुवातीकडे, उलट्या दिशेने, कारण जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येऊ शकते. मग तो सुरुवातीपासून उलगडत जातो आणि जागेचा हिशोब असा बांधलेला असतो की लिहिणारा वाचणाऱ्याला कधी गाठत नाही. गरज असेल तर शेवटी तक्ता निघतो, ढमढेऱ्यांच्या पुस्तकातला तोच. कर्नल तो मागून पुढे वाचतो, प्रत्येक नोंदीच्या जागी फरक मिळवतो आणि शून्य दिसलं की थांबतो.

एवढा खटाटोप का? एका मोठ्या कारणात भारताचा वाटा आहे. २००५ मध्ये लिनक्समध्ये केडंप आलं. चालता कर्नल कोसळला की आधीच राखीव मेमरीत आणून ठेवलेला दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी पुरावा म्हणून जतन करतो. त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध सादर झाला. त्याचे लेखक होते विवेक गोयल, एरिक बिडरमन आणि हरिप्रसाद नेल्लिथीर्था. दुसऱ्याला पहिल्याच्या जागेवर बसता येत नाही, कारण तिथला पुरावाच पुसला जाईल. त्यामुळे सुरुवातीला वेगळ्या पत्त्यासाठी वेगळा कर्नल तयार करून ठेवावा लागे. बिडरमन यांनी सुरू केलेलं काम गोयल यांनी पुढे नेलं आणि २००७ मध्ये आधी बत्तीस बिटांचा, मग चौसष्ट बिटांचा कर्नल कुठेही बसू शकेल असा झाला. एकाच कर्नलला दोन्ही कामं करता येऊ लागली.

पुढे या सोयीचा उपयोग संरक्षणासाठी झाला. २०१४ पासून एक्स८६वरचा लिनक्स दर वेळी वेगळ्या, चिठ्ठी टाकून काढलेल्या जागी बसू शकतो आणि २०१७ पासून ते आपोआप चालू असतं. हल्लेखोराला पत्ता आधी माहीत नसावा, हा हेतू. इथे माझी काळजी सुरू होते. कर्नलचे आभासी पत्ते एका गिगाबाइटच्या पट्ट्यात, दोन मेगाबाइटांच्या पायऱ्यांनी निवडले जातात. म्हणजे जागा फार तर ५१२. कर्नलमधून एक पत्ता बाहेर फुटला की बाकीचे वजाबाकीने निघतात. शिवाय प्रोसेसर कोणत्या पत्त्याला किती वेळ घेतो, यावरून कर्नलची जागा ओळखता येते हेही संशोधकांनी दाखवलं. ते झाकण्यासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कर्नलची पानं वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरी-नकाशातून जवळजवळ काढूनच टाकण्याची योजना मांडली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला, तेव्हा हीच योजना ढाल म्हणून लावावी लागली आणि तिच्यापायी अनेक यंत्रं मंदावली.

दुरुस्ती करणाऱ्याचे हाल वेगळे. जागा दर वेळी बदलते म्हणून डीबगरमध्ये लावलेला ब्रेकपॉइंट लागतच नाही. 'नोकासलर' असा शब्द कर्नलला देऊन चिठ्ठी बंद करावी लागते. केव्हीएम, म्हणजे आभासी संगणक थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याची सोय, वापरत असाल तर उलगडण्याआधी मेमरीत पेरलेला ब्रेकपॉइंट कर्नल स्वतःच पुसून टाकतो, मग हार्डवेअरचा ब्रेकपॉइंट हवा. तक्त्यातही सगळीकडे फरक मिळवायचा नसतो. बरीच वर्षं काही नोंदींत तो वजा करावा लागे. इतक्या आरंभी चूक झाली तर पडद्यावर संदेशही येत नाही, यंत्र नुसतं पुन्हा सुरू होतं. कर्नल कोसळताना शेवटच्या ओळींत आपण किती सरकून बसलो होतो तो आकडा लिहून जातो, कारण त्याशिवाय मागे राहिलेल्या पत्त्यांचा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

हे सगळं मुलाने आपल्या हिमतीवर शोधलं आहे. व्याख्या त्याला अभ्यासक्रमाने दिली, ती चालताना पाहायची वेळ मात्र कोणत्याच प्रात्यक्षिकात आली नव्हती. मराठवाड्यातल्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: लिंकरच्या प्रकरणानंतर एक तास या ओळींना द्या. क्यूएमू फुकट आहे, जीडीबी हा डीबगर फुकट आहे, साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्सच्या मूळ कोडमध्ये 'आर्क', त्यात 'एक्स८६', त्यात 'बूट', त्यात 'कम्प्रेस्ड' अशी फोल्डरं उघडत गेलं की 'हेड_६४.एस' ही फाइल सापडते. ते चार बाइट तिच्या सुरुवातीलाच आहेत.