जुन्या पद्मिनीचं टायमिंग घरच्या घरी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र पुण्या-नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत अजून निघतात. त्यांच्या मालकांपुढे आता वेगळीच अडचण आहे. डिस्ट्रिब्युटर उघडून आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, लावणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत, आणि नव्या गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडायला या गाडीत जागाच नाही. त्यामुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावायला मालकाने स्वतः शिकणं हा उत्तम मार्ग आहे. त्याला एक बल्ब, एक फिलर गेज, दोन-तीन पाने आणि रविवारची एक सकाळ पुरते.

पुढची पद्धत पद्मिनी समोर ठेवून लिहिली आहे. ॲम्बेसेडर किंवा पॉइंट असलेल्या कुठल्याही जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला ती जवळपास तशीच लागू पडते.

ठिणगी आधी का पडते

पिस्टन अगदी वर पोचल्यावर ठिणगी पडते असा अनेकांचा समज असतो. ती त्याआधी पडते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात असं धरू. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिन मंद चालत असेल तर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे १० अंश फिरते. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात ती ३६ अंश फिरते. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रण जास्त घुसळतं, ज्योत थोडी लवकर पसरते आणि तीस अंशांच्या आसपास भागतं.

जळलेल्या वायूचा सर्वांत मोठा दाब पिस्टन वरून खाली निघाल्यानंतर लगेच यायला हवा. झोपाळ्याला धक्का देताना तो आपल्याकडून पुढे जायला लागला की हात लावतो, तसंच हे. धक्का लवकर बसला तर वर येणाऱ्या पिस्टनवरच घाव पडतो, इंजिन ठोकतं, स्टार्टर उलटा झटका खातो. उशिरा बसला तर पिस्टन आधीच निम्मा खाली गेलेला असतो, मग पिकअप जातो, उरलेली आग सायलेन्सरकडे जाते आणि गाडी तापते.

वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेण्याचं काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग करतात. आपण लावतो ती फक्त सुरुवातीची जागा. ती चुकली की पुढचं सगळं तेवढ्याच अंशांनी चुकतं.

आधी पॉइंट, मग टायमिंग

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंग बदलतं, पण टायमिंग बदलल्याने पॉइंटचं अंतर बदलत नाही. म्हणून क्रम उलटा केला तर केलेली मेहनत वाया जाते. पॉइंट जास्त उघडे असतील तर कॅम त्यांना लवकर उचलतो आणि ठिणगी लवकर पडते. पॉइंटची फायबरची टाच झिजते तसं अंतर कमी होतं आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. वर्षभरात गाडी ‘जड’ झाल्यासारखी वाटते, त्याचं कारण पुष्कळदा ही झीज असते. कार्ब्युरेटर बिचारा उगाच खोलला जातो.

कॅप आणि रोटर काढा. इंजिन फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आणा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडे असतील. आता पॉइंटचे चेहरे बघा. एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसत असेल तर फिलर गेजची सपाट पाती खड्ड्यात उतरत नाही आणि माप खोटं येतं. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा नवे घालावेत. खड्डा लवकर पडत असेल तर कंडेन्सरही बदला. नव्या पॉइंटवर तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसून घ्या.

अंतर किती ठेवायचं हे डिस्ट्रिब्युटरवर ठरतं, गाडीवर नाही. ॲम्बेसेडरवरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतं. फियाटचं माप त्याहून थोडं जास्त असतं. जुन्या गाडीवर मधल्या काळात कुणी दुसऱ्याच कंपनीचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असू शकतो, म्हणून आधी त्याच्या अंगावरचं नाव वाचा आणि त्याचं माप घ्या. गेजची पाती हलकी घासत गेली पाहिजे, अडकायला नको. स्क्रू आवळल्यावर माप पुन्हा तपासा, कारण आवळताना प्लेट हमखास सरकते. शेवटी कॅमवर किंचित ग्रीस लावा, गव्हाच्या दाण्यापेक्षा जास्त नाही. जास्तीचं ग्रीस उडून पॉइंटवर बसतं.

इंजिन टॉपवर आणणं

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. चारही प्लग काढले तर इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या नटावर पाना लावून समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. हे करताना चावी बंदच हवी.

पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की तो दाबाचा फेरा आहे असं समजा. ही पायरी टाळणारे लोक पुढे फसतात, कारण पुलीवरची खाच दोन फेऱ्यांत दोनदा वर येते आणि त्यातली एकच आपली असते. ज्या फेऱ्यात परत बसवलेल्या रोटरचं टोक पहिल्या प्लगच्या वायरसमोर येतं, ती आपली.

आता पुलीवरची खाच कव्हरवरच्या हव्या त्या रेघेसमोर आणायची. किती अंश हे गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून नको. खाच आणि रेघा आधी तारेच्या ब्रशने साफ करून खडूने पांढऱ्या करा. रेघा गंजून गेल्या असतील आणि शून्याची एकच खूण शिल्लक असेल तरी हिशेब सोपा आहे. पुलीचा परीघ दोरीने मोजा आणि ३६० ने भागा. १२० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा परीघ सुमारे ३७७ मिलिमीटर येतो, म्हणजे १० अंशांना साडेदहा मिलिमीटर. तेवढं अंतर मोजून पुलीवर नवी खूण करा. ही खूण मूळ खाचेच्या पुढे पडायला हवी, म्हणजे फिरताना ती आधी येईल आणि खाच नंतर.

रेघ ओलांडली गेली तर नुसतं मागे आणून थांबू नका. टायमिंग चेन आणि गिअरमध्ये थोडी ढील असते. चांगला अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा पुढच्या दिशेने रेघेवर या.

बल्बची साक्ष

बारा व्होल्टचा इंडिकेटरचा साधा बल्ब आणि दोन वायरी घ्या. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथून डिस्ट्रिब्युटरकडे पातळ वायर जाते, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असताना करंट थेट अर्थ होतो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की त्याला बल्बातूनच वाट मिळते, बल्ब पेटतो. ठिणगीही नेमकी याच क्षणी पडते. बारा व्होल्टचे काही हजार व्होल्ट होतात ते पॉइंट उघडून करंट तुटतो तेव्हाच.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा क्लॅम्प अगदी थोडा सैल करा, हाताने जोर लावल्यावर फिरेल इतकाच. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्युटरचं अंग फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने, श्वास धरून, अगदी सावकाश फिरवत आणा. बल्ब पेटला त्या जागी थांबा आणि क्लॅम्प आवळा. रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे जातं आणि रोटरच्या दिशेने फिरवलं की मागे येतं. हा नियम प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला लागू आहे.

आता तपासणी. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खाच रेघेवर येताना बल्ब त्याच क्षणी पेटतो का ते पाहा. नाही पेटला तर क्लॅम्प आवळताना डिस्ट्रिब्युटर हलला आहे, पुन्हा करा. हे सगळं चालू असताना चावी उगाच चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.

प्लग आणि कॅप बसवताना वायरींचा क्रम १-३-४-२ असा, रोटर फिरतो त्या दिशेने मोजायचा. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर दोन्हींचा क्रम हाच आहे.

टायमिंग लाइट असेल तर

बल्बने इंजिन चालू होण्याइतकं आणि बहुतेक वेळा त्याहून बरंच चांगलं टायमिंग लागतं. टायमिंग लाइटने मात्र चालत्या इंजिनाची खरी स्थिती कळते. क्लिप पहिल्या प्लगच्या वायरवर लावायची, इंजिन गरम करून मंद चालवायचं आणि लाइट पुलीवर टाकायचा. ज्या गाडीत व्हॅक्युमची नळी आहे तिथे ती काढून तोंड बंद करायची. मंद वेगात खूण कुठे दिसायला हवी हेही पुस्तिकेत असतं.

मला यात रेस देऊन पाहणं जास्त मोलाचं वाटतं. वेग वाढेल तशी खूण संथपणे सरकायला हवी आणि सोडल्यावर जागेवर परतायला हवी. सरकलीच नाही तर आतली वजनं गंजून अडकली आहेत. सरकून परतली नाही तर स्प्रिंग गेली. एका जागी थरथरत राहिली तर शाफ्टचा बुश झिजला आहे, आणि तो बदलेपर्यंत कुठलंही टायमिंग टिकणार नाही.

लाइटमध्ये पुली थांबल्यासारखी दिसते, म्हणून डोळा फसतो आणि हात पुढे जातो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी हे सगळं आधी दूर करा. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका, सायलेन्सरचा धूर जीवघेणा असतो.

कानाने टायमिंग

पुष्कळ मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवत इंजिनचा आवाज ऐकतात आणि जिथे ते सर्वांत वेगात फिरतं तिथे आवळतात. त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे, तरी ही पद्धत मला मान्य नाही. मोकळं चालणारं इंजिन लागतं त्याहून जास्त ॲडव्हान्सवर, म्हणजे ठिणगी आणखी आधी पडत असताना, अधिक गोड वाजतं. ओझं नसताना त्याला त्याचा त्रास होत नाही. तीच गाडी चार माणसं घेऊन खंबाटकी घाट चढायला लागली की खडखडते, आणि ती खडखड पिस्टनला खाते.

कानाचं काम शेवटी आहे. इंजिन पुरतं गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ३०-४० किलोमीटरला एक्सलेटर पूर्ण दाबा. क्षणभर हलकं टिकटिक होऊन थांबलं तर ठीक. ते चालूच राहिलं तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या. एकदम एवढंच, आणि पुन्हा चालवून बघा. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन या गाड्या बनल्या त्या काळापेक्षा जास्त आहे, त्यामुळे पुस्तिकेतल्या आकड्यावर ठोकणारं इंजिन दिसलं तर आधी हेडमधला कार्बन आणि रेडिएटर तपासा. सीएनजी किट लावलेल्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. तो वायू सावकाश जळतो आणि त्याला जास्त ॲडव्हान्स लागतो, म्हणून सीएनजीवरच्या जुन्या टॅक्सीचं टायमिंग खासगी गाडीला जसंच्या तसं लावू नये.

पुन्हा कधी बघायचं

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भरभर बसते. पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरनंतर अंतर एकदा मोजा, नंतर दर पाच हजारांनी. अंतर बदललेलं आढळलं तर ते लावा आणि बल्ब पुन्हा जोडा. बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर, पॉइंटचं अंतर आणि लावलेले अंश लिहून ठेवा.